मलकापूर तिथेच का वसलं?

महाराष्ट्रात मलकापूर नावाची गावं एकापेक्षा जास्त आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यातलं एक. कराडला लागून असलेलं, चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेमुळे गाजलेलं दुसरं. आणि मुंबईहून नागपूरला जाताना भुसावळ सुटल्यावर साधारण पन्नास किलोमीटरवर लागणारं, बुलढाणा जिल्ह्यातलं तिसरं. हा लेख त्या तिसऱ्या मलकापूरबद्दल आहे.

आगगाडीच्या खिडकीतून पाहिलं तर या गावात थांबून बघावं असं काही दिसत नाही. बोदवड मागे पडतं, दोन्ही बाजूंना काळी सपाट जमीन पसरलेली असते, मग फलाट, वडे आणि चहा, आणि गाडी नांदुऱ्याकडे निघते. पाठ्यपुस्तकात मलकापूर नाही. जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर आहे, शेगाव आहे, सिंदखेडराजा आहे, मलकापूर नाही. २०११च्या जनगणनेत सुमारे ६८ हजार वस्ती भरलेलं हे शहर निदान चारशे वर्षं एका जागी टिकून आहे, त्याला काही कारण असणारच. ते कारण शोधायला आपल्याला इतिहास आणि भूगोल या दोन तासांमधली घंटा काढून टाकावी लागेल.

जर्मनीत ती काढून टाकण्याची जुनी पद्धत आहे. तिथल्या प्राथमिक शाळांत एकोणिसाव्या शतकापासून ‘आपल्या मुलखाची ओळख’ अशा अर्थाचा एक विषयच असे. मुलं आधी शाळेचं अंगण मोजत, मग गावाचा ओढा, टेकडी, चर्च, आणि नंतरच नकाशातल्या लांबच्या देशांकडे वळत. तिथल्या पाच-सहाशे वस्तीच्या खेड्यालाही आपलं नाव पहिल्यांदा कोणत्या कागदावर लिहिलं गेलं ते माहीत असतं. बहुधा तो कागद म्हणजे एखाद्या मठाला दिलेल्या जमिनीचं दानपत्र असतं. त्या वर्षापासून मोजून गाव आपला साडेसातशेवा, बाराशेवा वाढदिवस साजरा करतं. गाव त्याआधीही असणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण लेखी पुरावा कुठून सुरू होतो आणि ऐकीव गोष्ट कुठे संपते, याचा विवेक मुलांना त्यातून आपोआप येतो.

मलकापूरला हाच प्रश्न विचारू.

गोष्ट अशी सांगतात की खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या एका राजपुत्रानं हे गाव वसवलं आणि आपल्या मुलीच्या, म्हणजे ‘मलिके’च्या नावावरून त्याला मलकापूर म्हटलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये ही गोष्ट ‘असं म्हणतात’ या शब्दांत नोंदली आहे, आणि काळ दिला आहे तो सुमारे चारशे वर्षांपूर्वीचा. म्हणजे इसवी सन १५००च्या आगेमागे. फारुकींनी बुऱ्हाणपूरहून खानदेशवर १६०१ पर्यंत राज्य केलं, तेव्हा काळ जुळतो. पण काळ जुळला म्हणून राजकन्या खरी ठरत नाही. ‘मलिक’ ही त्या काळी सरदारांची पदवी होती; फारुकी घराण्याच्या मूळ पुरुषाचंच नाव मलिक राजा होतं. नाव कोणत्याही मलिकावरून पडलेलं असू शकेल. गावांच्या नावाच्या व्युत्पत्ती ऐकताना आपण शिक्षकांनी थोडं सावध असावं. राजकन्येची गोष्ट मुलांना आवडते, ती सांगावी. ती गोष्ट आहे हेही सांगावं.

लेखी पुरावा मात्र भक्कम आहे. मुघलांनी १५९६ मध्ये वऱ्हाड घेतलं आणि लगेचच अबुल फजलनं ‘ऐन-इ-अकबरी’मध्ये त्याची महसुली मोजदाद लिहिली. तीत नरनाळा सरकारातल्या परगण्यांमध्ये मलकापूर आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीला ते आसपासच्या गावांचा सारा जमा होण्याचं ठिकाण झालेलं होतं. जर्मन हिशेबानं मलकापूरचं वय सव्वाचारशे वर्षांच्या वर.

घाटावर आणि घाटाखाली

आता नकाशा घ्या. भारताचा नको, बुलढाणा जिल्ह्याचा घ्या आणि त्यात उंचीचे रंग असू द्या.

जिल्ह्यातली माणसं स्वतःच्या तालुक्यांचे दोन गट करतात: घाटावरचे आणि घाटाखालचे. निवडणूक असो की सोयरीक, हा भेद बोलण्यात येतोच. जुन्या दप्तरात यालाच बालाघाट आणि पायनघाट असे शब्द होते. मध्ये जी भिंत आहे ती अजिंठ्याच्या डोंगररांगेची. बुलढाणा शहर या भिंतीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६६७ मीटरवर आहे. मलकापूर पायथ्याच्या मैदानात, सुमारे २७४ मीटरवर. रस्त्यानं अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, आणि चढाचा मोठा भाग राजूर घाटात एकवटलेला. मोताळा सोडून एसटी घाटाला लागली की कानात दडा बसतो, तो याच साडेतीनशे-चारशे मीटरांचा.

उंचीतला हा फरक वर्गात मोजण्यासारखा आहे. हवेत दर हजार मीटर चढल्यावर तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे ३९३ मीटरला अडीच अंश. मलकापूरच्या आणि बुलढाण्याच्या शाळांनी एकाच दिवशी, एकाच वेळी, सावलीत तापमापी टांगून आकडे एकमेकांना कळवावेत. रोज अडीच अंशच फरक येणार नाही. वारा, ढग, झाडी यांनी तो बदलेल. महिनाभराची सरासरी काढून पाहा. पाणी उकळण्याचा बिंदूही तपासता येईल. घाटाखाली तो ९९ अंशांच्या जरा वर, घाटावर ९८ अंशांच्या थोडा खाली येईल. तापमापी चांगला हवा, एवढीच अट.

इंग्रजांना हा प्रयोग न करताही उत्तर कळलं होतं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड त्यांच्या ताब्यात आलं, आणि पुढे जिल्ह्याची कचेरी त्यांनी थाटली ती घाटावरच्या, थंड हवेच्या बुलढाण्यात. मलकापूर मोठं, जुनं, पैसेवालं गाव. पण मे महिन्यात तिथे बसून दप्तर कोण बघणार! त्याची किंमत बुलढाण्यानं नंतर मोजली, तिकडे आपण येऊच.

घाटाखालचं मैदान म्हणजे पूर्णा नदीचं खोरं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मध्ये सत्तर-ऐंशी किलोमीटर रुंदीचा सपाट पट्टा. सपाटी पाहून वाटतं की इथे काही घडलंच नसेल. प्रत्यक्षात खाली फार काही घडलेलं आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनवर लाव्हाचे थर साचले, त्यांचाच काळा दगड दोन्ही बाजूंच्या डोंगरांत दिसतो. पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी भूकवचाला मोठी भेग पडली. तिला भ्रंश म्हणतात. तिच्या दक्षिणेचा भाग खाली बसत गेला, आणि डोंगरांवरून उतरणाऱ्या नद्या त्या खड्ड्यात लाखो वर्षं गाळ आणून टाकत राहिल्या. पूर्णेच्या मैदानात विंधन विहीर खणताना दगड लवकर लागत नाही. काही ठिकाणी गाळाची जाडी शेकडो मीटर आहे. घाटावर मात्र हातभर मातीखाली खडक वाजतो. एकाच जिल्ह्यातल्या दोन शेतकऱ्यांना विहिरीचा खर्च वेगवेगळा का येतो, याचं उत्तर या भेगेत आहे.

बुलढाण्याजवळ उगम पावून नळगंगा याच भिंतीवरून उत्तरेला उतरते, मोताळा तालुक्यातून मलकापूरला येते आणि पुढे पूर्णेला मिळते. पूर्णा पश्चिमेला वाहत चांगदेवजवळ तापीत जाते आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. आता गंमत पाहा. त्याच बुलढाण्याच्या डोंगरात, माथ्याच्या पलीकडे, पैनगंगा उगम पावते. ती वर्धेला, वर्धा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. डोंगराच्या धारेवर पडलेल्या दोन थेंबांपैकी एक मलकापुरावरून पश्चिम समुद्राला जातो, दुसरा राजमहेंद्रीवरून पूर्व समुद्राला. (गोंधळ वाढवायला जिल्ह्याच्या दक्षिणेकडे आणखी एक पूर्णा आहे, खडकपूर्णा. ती गोदावरीची. मुलं नकाशात दोन पूर्णा पाहून विचारतातच.)

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग असत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. हे शब्द नुसते अलंकारिक नाहीत, मातीचे रंग आहेत.

काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली. तिच्यात जी चिकणमाती असते तिचे कण पत्त्यांच्या डावासारखे थरांचे असतात. पाणी थरांमध्ये शिरलं की डाव फुगतो, पाणी गेलं की आकसतो. म्हणून पावसाळ्यात पाय रुतवणारी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. भेगांतून वरची माती खाली पडते, जमीन स्वतःला नांगरून घेते. ओल धरून ठेवण्याच्या या गुणामुळेच ५००–७०० मिलिमीटरच्या पावसावर इथे कापूस येतो.

पांढरी माती कुठून आली? ती माणसांनी केली. मातीच्या भिंती पडल्या, त्यावर नव्या उठल्या; चुलीची राख, शेण, हाडं, खापरं साचत गेली. शे-दोनशे वर्षांत गावठाण आजूबाजूच्या शेतापेक्षा पुरुषभर उंच होतं. राखेमुळे आणि चुन्यामुळे रंग फिका, आणि शेणामुताच्या नत्रामुळे व हाडांतल्या स्फुरदामुळे माती कसदार. शेतकऱ्यांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. ओसाड गावांच्या पांढरीची माती खत म्हणून गाडीगाडीनं शेतात गेली, आणि पुरातत्त्ववाल्यांना हवी असलेली किती तरी टेकाडं त्यात संपली. तुमच्या गावाच्या कडेला असं टेकाड शिल्लक असेल तर मुलांना तिथे न्या, उकरू नका. पावसानं कापलेल्या कडेला थर बघा आणि खापऱ्यांचे तुकडे जागेवरच राहू द्या.

या भागात मातीचा तिसरा प्रकारही आहे, तो म्हणजे खारी माती. जुन्या धाब्याच्या घरांवर पावसाळ्याआधी तिचा थर देत. गच्ची गळू नये म्हणून माती टाकायची तर काळी का नको? कारण काळी सुकल्यावर भेगाळेल आणि पहिल्याच सरीला घरात धार लागेल. खाऱ्या मातीत सोडियम जास्त असतो. सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरून गोळे करत नाहीत, सुटे सुटे होतात. पाण्याबरोबर हे बारीक कण खालच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि भोकं बुजतात. घरातल्या आजीला सोडियम माहीत नव्हता, पण कोणत्या ओढ्याकाठची माती चालते ते तिला चुकत नसे.

हाच गुण शेतात आला की तो शाप ठरतो. पूर्णेच्या काठानं अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. त्यात नऊशेच्या आसपास गावं येतात. खोल गाळ, निचरा कमी, ऊन प्रखर. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, आणि हे हजारो वर्षं चालू आहे. समुद्राशी त्याचा संबंध नाही. अशा विहिरीचं पाणी पिकाला दिलं तर जमिनीची छिद्रं धाब्यासारखी बुजतात आणि पुढच्या पावसाचं गोडं पाणीही आत मुरत नाही. पिण्याच्या पाण्याचं दुखणं त्याहून मोठं आहे. जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या गावांतले मूत्रपिंडाचे आजार हा कित्येक वर्षांचा चिंतेचा विषय आहे.

वर्गात करण्यासाठी: दोन पारदर्शक बाटल्यांत पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. एकीत साधी शेतातली माती, दुसरीत खारी माती चमचाभर टाकून खूप हलवा आणि ठेवून द्या. पहिली बाटली लवकर निवळू लागेल, दुसरी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसेल. मग दुसरीत चिमूटभर जिप्सम टाकून पुन्हा हलवा. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, कण एकत्र येऊन खाली बसू लागतात. खारवट जमिनीत जिप्सम का घालतात, हे फळ्यावर सांगण्यापेक्षा या बाटलीत लवकर पटतं.

या सगळ्यात मलकापूरची जागा कशी आहे? डोंगराच्या फार जवळ नाही, पूर्णेच्या फार जवळ नाही. डोंगरातून नुकतीच उतरलेली नळगंगा गावाजवळून जाते, आणि चहूकडे काळी जमीन आहे. वस्तीला हवं ते इथे आहे. पण एवढ्यानं खेडं होतं. बाजारपेठ व्हायला रस्ता लागतो.

दोन वाटांचा तिठा

उत्तरेतून दक्षिणेत येणाऱ्याला सातपुडा ओलांडावा लागतो, आणि त्यातली सर्वांत सोपी वाट बुऱ्हाणपूरची. तिच्यावर असीरगडाचा पहारा. बुऱ्हाणपूरहून सरळ दक्षिणेला निघालं की पूर्णा उतरून मैदानात येतो आपण मलकापुरापाशी. पुढे अजिंठ्याची भिंत. ती चढण्याची एक जुनी वाट रोहिणखेडवरून आहे. आज रोहिणखेड मोताळा तालुक्यातलं खेडं. पण १४३७ मध्ये खानदेशच्या नसीरखान फारुकीनं वऱ्हाडवर स्वारी केली तेव्हा बहमनी सेनापती खलफ हसननं त्याला इथेच हरवलं, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीच्या भांडणातली एक मोठी लढाई इथेच झाली. खेड्यात दोन-दोन लढाया होण्याचं कारण खेडं नसतं, खिंड असते.

दुसरी वाट पूर्व-पश्चिम. सुरत, खानदेशकडून पूर्णेच्या खोऱ्यानं बाळापूर, अकोला, नागपूर. मैदानातली, चढ नसलेली. या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे मलकापूर आहे. आजही महामार्गावरून जाताना नागपूर-धुळे रस्त्याला बुऱ्हाणपूर आणि बुलढाण्याचे फाटे इथेच फुटतात. रस्त्यांचे क्रमांक बदलले (जुना ६ क्रमांकाचा महामार्ग आता ५३ झाला), तिठा बदलला नाही.

तिठ्यावरच्या गावाकडे व्यापारी येतात आणि व्यापाऱ्यांच्या मागे फौजा. १७६१ मध्ये राघोबादादांच्या सैन्यानं लूट करू नये म्हणून मलकापूरनं साठ हजार रुपये भरल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. त्या काळी एवढी रक्कम उभी करू शकणारी पेठ म्हणजे सावकार, कापड आणि धान्य यांचा मोठा व्यवहार आलाच. निजामाची सुमारे वीस हजारांची फौज इथे राहत असे, असंही तिथेच म्हटलं आहे. हा आकडा मला नेहमी अडवतो. १९०१ च्या जनगणनेत मलकापूरची वस्ती १३,११२ होती. म्हणजे गावापेक्षा छावणी मोठी! माणशी रोज पाऊण किलो धान्य धरलं तरी वीस हजारांना दिवसाला पंधरा टन लागतं. लादणीचा बैल शंभर किलो वाहत असेल तर रोज दीडशे बैल नुसते माणसांच्या पोटासाठी यायला हवेत. घोड्यांचा दाणा-कडबा वेगळा, पाणी वेगळं. असं सैन्य पोसू शकणारी जागा डोंगरात सापडत नाही. काळ्या मैदानातच सापडते, आणि तीही वाहत्या नदीजवळ.

१८०३ च्या पावसाळ्यात हा तिठा हिंदुस्थानच्या राजकारणाच्या मध्यभागी आला. बुऱ्हाणपूरकडून दौलतराव शिंदे आणि नागपूरहून रघूजी भोसले आपापल्या फौजा घेऊन मलकापूरच्या परिसरात एकत्र आले. दोघांना भेटायला सोयीची, आणि समोर निजामाची हद्द. इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स जनरल वेलस्लीचा निर्वाणीचा खलिता घेऊन याच छावणीत होता. बोलणी फिसकटली आणि ३ ऑगस्ट १८०३ रोजी कॉलिन्स छावणी सोडून गेला. तो गेला म्हणजे युद्ध सुरू झालं. पाच दिवसांत अहमदनगरच्या पेठेवर हल्ला, २३ सप्टेंबरला असईची लढाई, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. वर्ष संपायच्या आत भोसल्यांचा देवगावचा आणि शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावचा तह झाला.

ऑगस्टमध्ये युद्ध का? आपल्याकडे मोहिमेला दसऱ्याला निघायची चाल. वेलस्लीच्या पत्रांत त्याचं गणित दिसतं. मराठी फौजेचं बळ घोड्यांच्या वेगात होतं. पावसाळ्यात नद्या भरलेल्या असल्या की घोडदळाला पाण्याला उतार मिळत नाही. त्याच्याकडे मात्र नावांची सोय होती. फुगलेली काळी माती आणि भरलेल्या नद्या त्यानं आपल्या बाजूला घेतल्या. इतिहासाच्या पुस्तकात असईची तारीख पाठ करताना ती पावसाळ्यातली आहे, हे कोणी लक्षात आणून देत नाही.

त्यानंतरचं अर्धं शतक मलकापूरनं वाईट काढलं. निजामाचा अंमल सैल, आणि १८३५ ते १८४९ च्या दरम्यान गावाच्या ताब्यासाठी स्थानिक जमीनदारांच्या चकमकी. तिठ्याचा फायदा आणि तोटा एकाच दारातून येतो.

रूळ कुठून जातात?

आगगाडीला चढ आवडत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घसरतं, म्हणून शंभर मीटर पुढे जाताना एक मीटर चढ हा सुद्धा जड गाडीला भारी पडतो. या हिशेबानं मलकापुराहून बुलढाण्याला रूळ न्यायचे तर ३९३ मीटर चढायलाच निदान ३९ किलोमीटरचा एकसारखा चढ लागेल, आणि निसर्गानं तर तो घाटात कोंबला आहे. उलट पूर्णेचं खोरं म्हणजे आयता तयार केलेला रेल्वेचा बांध. भुसावळला मार्ग दुभंगतो: एक बुऱ्हाणपूरच्या खिंडीतून उत्तरेला जातो, दुसरा पूर्णेच्या काठानं पूर्वेला. जुन्या दोन वाटाच त्या. दुसरा फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोचला. मलकापूर त्यावर, मुंबईपासून ३०८ मैलांवर.

घाई होती ती कापसाची. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकदम भाव आला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण रूळ राहिले. जलंबहून खामगावच्या कापूसबाजारापर्यंतच्या छोट्या फाट्याचं उद्‌घाटन करायला १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. बैलगाडीच्या रस्त्यावर जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, कापसाच्या गाठी थेट मुंबईच्या बंदराला जाऊ लागल्या.

बुलढाण्याला थंड हवा मिळाली आणि आगगाडी गेली ती गेलीच. जिल्ह्याच्या मुख्य गावाला आजही रेल्वे स्टेशन नाही. तिथल्या माणसाला गाडी धरायला घाट उतरून मलकापूरला यावं लागतं. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांची म्हातारी झाली आहे.

तुमच्या जवळच्या स्टेशनवरचा पिवळा फलक मुलांना वाचायला सांगा. त्यावर बहुधा समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. भुसावळ ते अकोला अशा सात-आठ स्टेशनांच्या उंची जमवून आलेख काढला, तर पूर्णेच्या खोऱ्याचा लांबीच्या दिशेचा छेद वहीत उतरतो, आणि रेल्वेच्या इंजिनिअरांनी काय पाहिलं होतं ते दिसतं. जमल्यास मुलांनी बोलीचाही आलेख काढावा. मलकापूर, नांदुरा भागात खानदेशला लागून असलेली लेवा बोली आणि वऱ्हाडी शेजारी शेजारी ऐकू येतात. एका वाक्याचं क्रियापद कोणत्या गावापासून बदलतं, ते आजी-आजोबांना विचारूनच कळेल.

आता पाणी

एकोणिसशे साठच्या दशकात मोताळा तालुक्यात नळगंगेवर मातीचं धरण झालं. डोंगरातून उतरलेलं गोडं पाणी खाऱ्या पट्ट्यापर्यंत पोचण्याआधीच अडवायचं, तर जागा बरोबर हीच. पण नळगंगा लहान. तिचं पाणलोट क्षेत्र अजिंठ्याच्या उतारापुरतं. पाऊस चुकला की धरणही रिकामं आणि गावही टँकरकडे डोळे लावून.

म्हणून आता तिचं नाव एका मोठ्या योजनेच्या शेवटी आलं आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये मान्यता दिली. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणातून पाणी उचलायचं आणि नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला जिल्ह्यांतून सुमारे सव्वाचारशे किलोमीटर कालव्यानं नळगंगेपर्यंत आणायचं. अंदाजित खर्च ८७ हजार कोटी रुपयांच्या वर. वैनगंगेचं पाणी मिळालं तर खारपाणपट्ट्याला गोडं पाणी मिळेल, ही आशा खरी आहे. पण मोठ्या मुलांसमोर ठेवायचे प्रश्नही तितकेच खरे आहेत. गोसीखुर्दच्या जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २४५ मीटर आहे. मलकापूर २७४ मीटरवर, नळगंगेचं धरण त्याहून वर, आणि वाटेतली पठारं आणखी उंच. म्हणजे पाणी आपणहून येणार नाही, ठिकठिकाणी उपसावं लागेल. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबानं ०.२७ युनिट वीज लागते. पंपातली आणि पाइपातली गळती धरली तर ०.३५च्या पुढे. एका हेक्टरच्या रब्बी पिकाला समजा चार हजार घनमीटर लागत असेल, तर शंभर मीटरच्या उपशाला वीज किती आणि तिचं बिल किती? आणि खाऱ्या, निचरा नसलेल्या मातीत कालव्याचं पाणी भरपूर दिलं, पण चर खणले नाहीत, तर क्षार खाली जातील की वर येतील? मघाच्या बाटल्या अजून खिडकीत असतील तर त्यांच्याकडे बोट दाखवा.

नकाशावर आणखी एक रेघ ओढून पाहता येते. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. बुलढाण्याच्या धारेवरून पलीकडे गेलेला थेंब पुढे शेकडो किलोमीटरवर वैनगंगेच्या पाण्यात मिसळतो आणि तिच्याबरोबर पूर्व समुद्राला जातो. कालवा झाला तर वैनगंगेचं काही पाणी उलट दिशेनं, त्याच डोंगराच्या अलीकडच्या पायथ्याला येईल आणि मलकापुरावरून पश्चिम समुद्राची वाट धरेल. मुलांना ही वाट बोटानं गिरवायला सांगा, आणि बोट कुठे कुठे चढावर जातं तिथे फुली मारायला सांगा.